फळांवरची रसायने: काय धुवावे, काय सोलावे, काय परत करावे

निर्यातीसाठी भरलेली द्राक्षाची पेटी कधीकधी स्थानिक बाजारातही येते. ती उघडली की वरच्या आवरणाखाली पेटीच्याच आकाराचा, पूड भरलेल्या बारीक बारीक कप्प्यांचा एक पांढरा कागद दिसतो, आणि नुकत्याच विझवलेल्या आगकाडीसारखा उग्र वास क्षणभर नाकात शिरतो. आमच्या नाशिककडे या कागदाला सरसकट ‘ग्रेप गार्ड’ म्हणतात. निफाड तालुक्यातल्या एका पॅकहाऊसमध्ये मी काही हंगाम काम केले आहे, आणि त्या काळात नातेवाइकांनी मला सर्वांत जास्त वेळा विचारलेला प्रश्न म्हणजे ‘ही पुडी विषारी असते का?’ त्याचे खरे उत्तर असे आहे की पुडी विषारी आहे, द्राक्षे विषारी नाहीत, आणि तरीही घरातल्या एखाद्या माणसाने ती द्राक्षे जपूनच खावीत. ही तिन्ही विधाने एकाच वेळी खरी कशी असू शकतात, हे ज्याला समजले त्याला फळांवरच्या रसायनांबद्दलचे बहुतेक सगळे समजले, असे मला वाटते.

घरासाठी फळे आणण्याची जबाबदारी ज्यांच्यावर नव्याने आली आहे, मग ते नुकतेच स्वतंत्र बिऱ्हाड केलेले असोत किंवा वर्षाच्या बाळाला फळांचा गर भरवू लागलेले आईवडील असोत, त्यांच्यासाठी हे मार्गदर्शन आहे. पायऱ्या क्रमाने दिल्या आहेत. मात्र पहिल्या तीन समजून घेण्याच्या आहेत आणि पुढच्या करण्याच्या.

पहिली पायरी: टिकवणे, पिकवणे आणि चमकवणे यांत फरक करावा

‘फळांवर केमिकल मारतात’ या एका वाक्यात आपण तीन वेगळी कामे एकत्र करतो. फळ टिकवण्यासाठी बुरशीनाशक किंवा बुरशीरोधक वायू वापरतात; पिकवण्यासाठी इथिलीन वायू, किंवा बेकायदा मार्गाने कॅल्शियम कार्बाइड वापरतात; आणि चकाकी आणण्यासाठी, तसेच फळातले पाणी उडून ते सुरकुतू नये म्हणून, मेणाचा पातळ थर देतात. याशिवाय बागेत असताना केलेल्या फवारण्यांचे अवशेष असतात, ते चौथे. या चारही गोष्टींचे धोके निराळे आहेत, त्यांवरचे उपायही निराळे आहेत, आणि एकीचा उपाय दुसरीला बहुधा लागू पडत नाही. मेण कोमट पाण्याने सैल होते, पण सालीत मुरलेले बुरशीनाशक त्याने निघत नाही. कार्बाइडच्या बाबतीत तर धुण्यापेक्षा ते फळ न घेणे हाच मार्ग आहे.

दुसरी पायरी: कोणत्या फळावर काय असते ते जाणून घ्यावे

द्राक्षांपासून सुरुवात करू, कारण ते मी जवळून पाहिले आहे. द्राक्षाचा शत्रू म्हणजे करडी बुरशी, शास्त्रीय भाषेत बोट्रायटिस. ही बुरशी शून्य अंश तापमानातही हळूहळू वाढत राहते, त्यामुळे नुसत्या शीतगृहाच्या भरवशावर द्राक्षे समुद्रमार्गे तीन-चार आठवडे पाठवता येत नाहीत. म्हणून पेटीत तो कागद घालतात. त्याच्या कप्प्यांत सोडियम मेटाबायसल्फाइटची पूड असते. पेटीतला ओलावा तिला लागला की सल्फर डायऑक्साइड वायू सुटू लागतो. कागदाचा एक भाग पहिल्या एक-दोन दिवसांत जोरात वायू सोडतो, तर दुसरा भाग पुढचे काही आठवडे थोडा थोडा सोडत राहतो. वायू बुरशीचे बीजाणू मारतो आणि देठ हिरवा राखायला मदत करतो. मात्र पेटी नीट थंड न होता भरली गेली किंवा प्लास्टिकच्या आवरणात पाणी सुटले, तर वायू एकदम सुटतो. अशा वेळी देठाजवळचा भाग पांढुरका पडलेले मणी दिसतात. जणू कोणी खडू फिरवला आहे. एका हंगामात आमच्याकडेच भर दुपारी काढलेल्या मालाच्या काही पेट्या घाईघाईने बंद केल्या गेल्या, आणि चार दिवसांनी त्या उघडल्या तेव्हा डोळ्यांना पाणी आले, मण्यांवर पांढरे कडे पडले होते आणि चवीला गंधकाची झाक होती. तो माल फेकावा लागला.

पेटीतल्या मालावरचा अवशेष किती असावा, याला मर्यादा आहे. युरोपीय संघात आणि अमेरिकेतही ताज्या द्राक्षांत सल्फर डायऑक्साइड किलोमागे १० मिलिग्रॅमपेक्षा जास्त चालत नाही. हातगाडीवर क्रेटमध्ये येणाऱ्या, काढणीनंतर एक-दोन दिवसांत विकल्या जाणाऱ्या द्राक्षांना हा कागद लावण्याची गरजच सहसा पडत नाही. तिथे प्रश्न असतो तो बागेतल्या फवारण्यांचा. आणि मण्यावरची ती पांढरट, बोटाने पुसली जाणारी झाक म्हणजे बहुधा औषध नसते. ती फळाने स्वतःच तयार केलेली मेणाची लव असते. अनेक घरांत ती खसखसून घासून काढली जाते आणि घड पाहता पाहता मऊ पडतो. ठिपक्याठिपक्यांनी सुकलेले निळसर किंवा पांढरे डाग मात्र फवारणीचे असू शकतात, आणि ते धुवायलाच हवेत.

संत्री, मोसंबी आणि लिंबांची गोष्ट जास्त गुंतागुंतीची आहे. मुंबई-पुण्याच्या बाजारात इजिप्त आणि दक्षिण आफ्रिकेतून आलेली संत्री वर्षातले कित्येक महिने मिळतात. इतका प्रवास करणाऱ्या फळांवर हिरवी आणि निळी बुरशी येऊ नये म्हणून इमाझालिल, थायाबेंडाझोल यांसारखी बुरशीनाशके काढणीनंतर लावतात. कधी पाण्यात बुडवून, तर कधी मेणातच मिसळून. हेच पदार्थ एका देशात ‘अन्नात मिसळलेले परिरक्षक’, म्हणजे अन्न टिकवणारे पदार्थ, ठरतात, तर दुसऱ्या देशात ‘कीडनाशकाचा अवशेष’. थायाबेंडाझोलला युरोपात पूर्वी ई २३३ असा अन्न-घटकाचा क्रमांक होता. आता ते कीडनाशकांच्या यादीत मोडते. १९७५ साली जपानने अमेरिकेहून आलेली लिंबे ऑर्थोफेनिलफेनॉल हे बुरशीनाशक सापडले म्हणून नष्ट केली होती, आणि दोनच वर्षांनी, व्यापारी दबावाखाली, त्याच पदार्थाला अन्न-घटक म्हणून मान्यता दिली. पदार्थ तोच होता, फक्त त्याचे खाते बदलले. त्यामुळे ‘अमुक देशात बंदी आहे’ किंवा ‘तमुक देशात परवानगी आहे’ एवढ्यावरून कोणत्याही बाजूने निष्कर्ष काढू नये.

युरोपात विकल्या जाणाऱ्या लिंबूवर्गीय फळांवर काढणीनंतर रसायन लावले असेल, तर त्याचा उल्लेख वेष्टनावर करावाच लागतो. जर्मनीत राहणाऱ्या मराठी वाचकांनी लिंबांच्या जाळीला अडकवलेली चिठ्ठी एकदा नीट वाचून पाहावी. ‘साल खाण्यास योग्य नाही’ अशा अर्थाचे वाक्य तिथे पुष्कळदा छापलेले असते. लिंबाची साल किसून केकमध्ये घालण्याचा किंवा संत्र्याच्या सालीचा मुरंबा करण्याचा बेत असेल, तर हे वाक्य महत्त्वाचे आहे. आपल्याकडचे कागदी लिंबू बहुधा जवळच्या बाजारातून, असा काही थर न चढता येते, त्यामुळे लोणच्यासाठी सालीसकट तेच घेतलेले बरे.

सफरचंदावर दोन गोष्टी घडलेल्या असतात. एक म्हणजे मेणाचा थर. सफरचंदाला स्वतःचे मेण असते, पण काढणीनंतर धुताना ते बरेचसे निघून जाते, म्हणून वरून नवे चढवतात. एका फळाला एक-दोन थेंब पुरतात. भारतात २०११ च्या नियमांनुसार ताज्या फळांवर मधमाश्यांचे मेण, कार्नोबा मेण आणि शेलॅक हीच मेणे, आणि तीही तसा उल्लेख करून, वापरता येतात. कार्नोबा हे ब्राझीलमधल्या एका ताडाच्या पानांवरचे मेण आहे, तर शेलॅक म्हणजे आपल्या ओळखीची लाख. झारखंडच्या जंगलांत लाखेच्या किड्यांपासून ती मिळते. आरोग्याच्या दृष्टीने ही मेणे निरुपद्रवी आहेत, शरीरात ती फारशी पचतही नाहीत. मात्र कटाक्षाने कीटकजन्य पदार्थ टाळणाऱ्यांनी चकचकीत सफरचंदाचे साल काढावे, हे त्यांना सहसा कोणी सांगत नाही. मेण पातळ करण्यासाठी मॉर्फोलिन नावाचा पदार्थ काही देशांत वापरतात. अमेरिकेत तो चालतो, युरोपीय संघात चालत नाही, आणि २०१० साली ब्रिटनमध्ये चिलीहून आलेल्या सफरचंदांवर तो सापडल्याने बराच गदारोळ झाला होता.

सफरचंदावर घडणारी दुसरी गोष्ट डोळ्यांना दिसत नाही. १-मिथाइलसायक्लोप्रोपीन नावाचा वायू शीतगृहात सोडतात. तो फळाच्या पेशींमधल्या इथिलीन ओळखणाऱ्या जागा अडवून बसतो, त्यामुळे ‘आता पिकायचे आहे’ हा निरोप फळाला पोहोचतच नाही. अमेरिकेत २००२ पासून याला परवानगी आहे. कित्येक महिने जुने सफरचंद कुरकुरीत लागते, ते शीतगृहातल्या कमी प्राणवायूमुळे आणि या वायूमुळे. अवशेष नगण्य उरतो. आक्षेप घ्यायचाच असेल तर चवीबद्दल घ्यावा.

केळी आणि आंब्यांवर टिकवण्याचे फारसे काही नसते, तिथे मामला पिकवण्याचा आहे. त्याकडे पाचव्या पायरीत येऊ.

तिसरी पायरी: मर्यादेचा आकडा कसा वाचावा

इथे थोडे गणित आहे, पण ते टाळू नये. दोन आकड्यांची गल्लत फार होते. पहिला म्हणजे माणसाने आयुष्यभर रोज खाल्ले तरी चालेल असे प्रमाण. ते ठरवताना प्राण्यांवरच्या प्रयोगांत ज्या मात्रेला काहीही अपाय दिसला नाही, तिला सामान्यतः १०० ने भागतात. दुसरा म्हणजे एका किलो फळात चालू शकणारा कमाल अवशेष. हा दुसरा आकडा विषाची सीमा सांगत नाही. औषध सांगितल्याप्रमाणे वापरले तर किती उरेल, यावरून तो ठरतो. २०१० साली आपली द्राक्षे युरोपात अडकली, तेव्हा कारण होते क्लोरमेक्वाट क्लोराइड, ज्याला बागाईतदार सीसीसी म्हणतात. ते परिरक्षक नव्हे, वेलीची वाढ रोखणारे औषध आहे. तिथली मर्यादा किलोमागे ०.०५ मिलिग्रॅम होती, कारण द्राक्षांवर ते वापरण्याची परवानगीच नसल्याने मोजता येईल तेवढा किमान आकडा ठेवलेला होता. माल नियमात बसला नाही, हे खरे. पण तो खाणारा आजारी पडेल, असा त्याचा अर्थ नव्हता. शेकडो बागाईतदारांचे मात्र त्यात कंबरडे मोडले.

आता प्रत्यक्ष हिशेब पाहू. इमाझालिलचे रोज चालणारे प्रमाण जागतिक तज्ज्ञ समितीने शरीराच्या दर किलोमागे ०.०३ मिलिग्रॅम ठरवले आहे. साठ किलोच्या माणसाला म्हणजे दिवसाला १.८ मिलिग्रॅम. युरोपात संत्र्यावर किलोमागे ४ मिलिग्रॅमची मुभा आहे, म्हणजे दोनशे ग्रॅमच्या एका संत्र्यावर, अगदी काठावरचा अवशेष धरला तरी, ०.८ मिलिग्रॅम. मोठ्या माणसाला यात चिंता नाही. पण पंधरा किलोच्या मुलाचे प्रमाण ०.४५ मिलिग्रॅमच येते, आणि असे एक संत्रे सालीसकट त्याच्या पोटात गेले तर ते ओलांडले जाते. सालीसकट, हा शब्द इथे महत्त्वाचा आहे. अवशेषाचा मोठा वाटा सालीवर असतो. साल टाकून दिली आणि सोलल्यावर हात धुतले, तर हिशेब पुन्हा सुरक्षित बाजूला येतो. हे विशेष सांगण्याचे कारण असे की अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने इमाझालिलला ‘मानवात कर्करोगकारक असण्याची शक्यता’ असलेल्या गटात ठेवले आहे. ते वर्गीकरण प्राण्यांना दीर्घकाळ दिलेल्या मोठ्या मात्रांवरून आले आहे, त्यामुळे घाबरून संत्री सोडण्याचे कारण नाही, साल सोडावी.

सल्फर डायऑक्साइडचे चित्र उलटे आहे. त्याचे रोजचे प्रमाण बराच काळ शरीराच्या दर किलोमागे ०.७ मिलिग्रॅम मानले गेले, म्हणजे साठ किलोच्या माणसाला ४२ मिलिग्रॅम. काठावरच्या अवशेषाची अर्धा किलो द्राक्षे खाल्ली तरी ५ मिलिग्रॅमच होतात. परंतु पिवळ्या, गंधकाची धुरी दिलेल्या बेदाण्यांत आंतरराष्ट्रीय मानकानुसार किलोमागे १५०० मिलिग्रॅमपर्यंत मुभा आहे, आणि त्या हिशेबाने पन्नास ग्रॅमची एक मूठसुद्धा ७५ मिलिग्रॅमपर्यंत जाऊ शकते. ताज्या द्राक्षांच्या कागदाची भीती बाळगणारे आम्ही लोक शिऱ्यात मात्र सोनेरी बेदाणे मुठीने घालतो! शिवाय २०२२ साली युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने माहिती अपुरी आहे असे सांगून तिथला तो जुना आकडा मागे घेतला आणि जास्त सेवन करणाऱ्यांबद्दल काळजी व्यक्त केली.

चौथी पायरी: घरात कोण आहे ते पाहावे

वरचे गणित सर्वसाधारण माणसासाठी आहे. सल्फाइटचा, म्हणजे सल्फर डायऑक्साइड आणि त्याच्या क्षारांचा, त्रास ज्यांना होतो, त्यांना ते लागू पडत नाही, कारण तिथे विषबाधेचा प्रश्न नसून संवेदनशीलतेचा असतो आणि अल्प मात्राही पुरते. दम्याच्या रुग्णांपैकी साधारण ३ ते १० टक्के लोक असे संवेदनशील असतात. छाती आवळल्यासारखी होणे, धाप लागणे, अंगावर पित्त उठणे ही लक्षणे खाल्ल्यावर थोड्याच वेळात दिसू शकतात. अशा माणसाने पेटीबंद द्राक्षे उघडताना तोंड जवळ नेऊ नये, उघडण्याचे काम दुसऱ्याने खिडकीपाशी करावे, आणि पिवळे बेदाणे व भडक नारिंगी सुके जर्दाळू टाळावेत. काळे बेदाणे आणि तपकिरी जर्दाळू बहुधा गंधकाविना सुकवलेले असतात. माझ्या एका आत्याला दमा आहे आणि तिला ताज्या द्राक्षांनी कधी त्रास झाला नाही, पण बेदाण्यांनी दोनदा झाला. वरचे आकडे तेच सांगतात.

लहान मुलांच्या बाबतीत कारण साधे आहे: वजनाच्या मानाने ती आपल्यापेक्षा जास्त फळ खातात. पाच वर्षांखालच्या मुलांना आयात संत्री-सफरचंदे सोलूनच द्यावीत. सालीतला चोथा वाया जातो म्हणून हळहळू नये, तो पेरू आणि चिकूतून मिळतो.

पाचवी पायरी: विकत घेताना

ढिगातले सर्वांत चकचकीत फळ उचलण्याची सवय मोडावी. फळावरच्या स्टिकरवर चार आकडी क्रमांक असेल तर तो जात आणि आकार सांगतो. ९ ने सुरू होणारा पाच आकडी क्रमांक सेंद्रिय मालाचा असतो. परिरक्षक लावले की नाही, हे त्यातला कोणताच क्रमांक सांगत नाही, आणि स्टिकर आहे म्हणजे फळ उच्च प्रतीचे, हेही खरे नाही. पेटीवर मेणाचा उल्लेख आहे का, हे विक्रेत्याला विचारावे. तो बहुधा पेटी दाखवायला तयार होतो, आणि झालाच नाही तर त्यातूनही काही कळतेच.

आंबा आणि केळी घेताना मात्र जास्त चौकस राहावे. कॅल्शियम कार्बाइडला ओलावा लागला की अॅसिटिलीन वायू सुटतो, तो इथिलीनची नक्कल करून फळाचा रंग पालटतो. हे कार्बाइड वेल्डिंगच्या कामासाठी बनवलेले असते आणि त्यात आर्सेनिक व फॉस्फरसची भेसळ उरलेली असते. कार्बाइडची पुडी पेटीत आंब्यांना लागूनच ठेवली जाते. म्हणूनच भारतात फळे पिकवण्यासाठी कार्बाइडच्या वायूला पूर्ण बंदी आहे. त्याऐवजी बंद खोलीत, हवेच्या दशलक्ष भागांत १०० भागांपर्यंत इथिलीन वायू सोडून पिकवण्याला २०१६ पासून परवानगी आहे. इथिलीन हा फळाचा स्वतःचाच वायू आहे; रायपनिंग चेंबरमधून आलेल्या केळ्यांना नाके मुरडण्याचे कारण नाही. इथेफॉन नावाच्या द्रवापासूनही इथिलीन मिळते, पण वायू सोडण्यासाठी त्याचा वापर करणे वेगळे आणि बादलीत इथेफॉन कालवून त्यात केळ्यांच्या फण्या बुडवणे वेगळे. हे दुसरे नियमबाह्य आहे, आणि २०२५ साली केंद्रीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने राज्यांना त्याबद्दल पुन्हा बजावले आहे.

कार्बाइडचा आंबा ओळखण्याच्या युक्त्या पुष्कळ सांगितल्या जातात. पाण्यात तरंगला तर कार्बाइडचा, ही त्यांतली सर्वांत लोकप्रिय आणि सर्वांत दिशाभूल करणारी. पाण्यात तरंगणारा आंबा बहुधा कोवळा असतो, एवढेच त्यातून कळते. कोवळा माल घाईने पिकवायला कार्बाइड वापरले जाते म्हणून दोन्ही गोष्टी पुष्कळदा एकत्र दिसतात, इतकाच त्यांचा संबंध. त्यापेक्षा वास घ्यावा. देठाजवळ नाक नेऊनही सुगंध येत नाही, साल सगळीकडे एकसारखी पिवळी आहे, पण दाबल्यावर आत टणक लागते आणि कापल्यावर कोयीजवळचा गर पांढुरका व आंबट निघतो, असा आंबा कशानेही पिकवलेला असो, तो घेण्यासारखा नसतो. शक्य असेल तर हिरव्या, पण तयार झालेल्या फळांची पेटी घ्यावी आणि घरी अढी घालावी. पेंढा नसेल तर वर्तमानपत्राच्या घड्या चालतात. फळे एकमेकांना टेकू देऊ नयेत, देठ खाली ठेवावा आणि रोज एकदा चाळवावीत. पाच-सहा दिवसांत खोलीभर वास सुटतो.

सहावी पायरी: धुणे

फळे आणल्या आणल्या धुवून ठेवू नयेत, खाण्याच्या वेळी धुवावीत. ओल राहिली की बुरशीला आमंत्रण मिळते. अपवाद म्हणजे धुवून पूर्ण कोरडी करता येतील अशी सफरचंदे.

वाहत्या पाण्याखाली हाताने चोळून अर्धा ते एक मिनिट धुणे, ही सर्वांत उपयोगी आणि सर्वांत दुर्लक्षित कृती आहे. साबण किंवा भांड्यांचा द्रव मुळीच वापरू नये, कारण फळाची साल सच्छिद्र असते आणि तो आत शिरून राहतो. त्यापुढे जायचे असेल तर खाण्याचा सोडा वापरावा. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१७ साली सफरचंदांवर हा प्रयोग केला. लिटरभर पाण्यात १० ग्रॅम सोडा, म्हणजे सपाट भरलेले दोन चहाचे चमचे, घालून त्यात फळे १२ ते १५ मिनिटे ठेवली असता पृष्ठभागावरचे थायाबेंडाझोल सुमारे ८० टक्के आणि फॉस्मेट नावाचे कीटकनाशक सुमारे ९६ टक्के निघाले. उरलेले थायाबेंडाझोल सालीत खोलवर मुरले होते, ते कशानेच निघाले नाही. सोड्याने काय होते आणि काय होत नाही, हे या प्रयोगात स्वच्छ दिसते. घरी करताना नंतर साध्या पाण्याने पुन्हा धुवावे, नाहीतर फळ तुरट-खारट लागते.

मेण काढायचे असल्यास फळ कोमट पाण्यात मिनिटभर धरून खरखरीत फडक्याने पुसावे. सुरीने खरवडून पांढरा भुगा निघाला म्हणजे मेण आहे, एवढेच कळते. ते कोणते आहे हे घरी कळत नाही, आणि समाजमाध्यमांवर असे भुग्याचे चित्रण दाखवून ‘प्लास्टिक, प्लास्टिक’ म्हणून ओरडणाऱ्यांनाही कळलेले नसते.

पेटीबंद द्राक्षांसाठी कृती वेगळी आहे. आधी तो कागद काढून बाजूला करावा, घड मोकळ्या हवेत अर्धा तास ठेवावेत, मग चाळणीत घेऊन वाहत्या पाण्याखाली धुवावेत. देठाजवळ पांढरे पडलेले मणी तोडून टाकावेत. काढलेल्या कागदावर पाणी पडू देऊ नये आणि तो मुलांच्या हाती लागू देऊ नये. कोरड्या पिशवीत बांधून कचऱ्यात टाकावा.

सातवी पायरी: बुरशीला हलके लेखू नये

रसायनांच्या भीतीने बिनरसायनाचे, पण डागाळलेले फळ घेणे हा काही शहाणपणा नाही. सफरचंदावर तपकिरी, मऊ डाग पाडून निळसर बुरशी धरणारी पेनिसिलियमची एक जात पॅट्युलिन नावाचे विष तयार करते. सफरचंदाच्या रसात त्याची मर्यादा किलोमागे ५० मायक्रोग्रॅम आहे, म्हणजे मिलिग्रॅमचा विसावा भाग. वर आपण किलोमागे ४ आणि १० मिलिग्रॅमच्या मर्यादा पाहिल्या; त्यांच्याशी हा आकडा ताडून पाहिला, तर नियम करणाऱ्यांना कशाची धास्ती जास्त वाटते ते दिसते. उकळूनही पॅट्युलिन पुरते जात नाही. त्यामुळे किडका-नासका भाग कापून उरलेल्याचा रस किंवा जॅम करण्याची काटकसर करू नये. मऊ, रसाळ फळावर बुरशी आली की अख्खे फळ टाकावे. द्राक्षांच्या घडात एखादा मणी बुरसलेला असेल तर त्याच्या आजूबाजूचे मणीही काढावेत.

आठवी पायरी: संशय आल्यास

कार्बाइडच्या पुड्या प्रत्यक्ष दिसल्या, किंवा द्राक्षांना गंधकाचा वास धुतल्यावरही राहिला, तर फळ चाखून पाहू नये. पावती, पेटीवरची चिठ्ठी आणि फळांची छायाचित्रे जपून ठेवावीत आणि जिल्ह्याच्या अन्न व औषध प्रशासन कार्यालयाकडे तक्रार द्यावी. अन्नसुरक्षा अधिकाऱ्याला नमुना घेण्याचा अधिकार असतो. फारशी माहीत नसलेली एक तरतूद अशी की २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्याच्या कलम ४० नुसार साधा ग्राहकसुद्धा विकत घेतलेला नमुना शुल्क भरून अन्न विश्लेषकाकडून तपासून घेऊ शकतो. मात्र तसा विचार असल्याचे विक्रेत्याला खरेदीच्या वेळीच सांगावे लागते, घरी आल्यावर सुचून उपयोग नाही. नमुन्यात कायद्याचा भंग आढळला तर भरलेले शुल्क परत मिळते.